तीन बाइटांचा पत्ता

जुन्या मापास चिकटून राहिल्यानें केवढी हानि होते हें पहावयाचें असेल, तर फ्लॅश स्मृतीच्या चिपांवर मजकूर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरकडे पहावें. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं जगापुढें मांडलेली ही स्मृति वीज गेली तरी लिहिलेलें विसरत नाहीं. घरांतील राउटर किंवा शाळेंतील संगणक सुरू होतांना प्रथम जें वाचतो, तें बहुधा अशाच एका चिमुकल्या चिपेवर असतें.

चिपेंतील प्रत्येक स्थानास पत्ता असतो. पूर्वीं तीन बाइटांचा, म्हणजे २४ बिटांचा, पत्ता पुरत असे. त्यांत १,६७,७७,२१६ स्थानें, अर्थात् १६ मेगाबाइट, मावतात. पुढें ३२ मेगाबाइटांच्या चिपा आल्या. आज्ञावली मात्र जुनीच राहिली तर? ज्या हजेरीपटांत क्रमांकास दोनच अंकांची जागा, त्यांत एकशेंएकावा विद्यार्थी ०१ म्हणूनच नोंदला जाणार! तद्वत् सोळा मेगाबाइटांपलीकडील मजकूर आरंभींच्या भागावर येऊन आदळतो. आणि यंत्रास जागें करणारें लेखन बहुधा तेथेंच असतें. यंत्र मुकें होतें.

पत्ता चार बाइटांचा करावा, हा उपाय उघड आहे. पण त्यांतहि मेख आहे. कित्येक चिपा एकदां आज्ञा मिळाली कीं चार बाइटांचेंच ऐकूं लागतात. त्यांस पूर्वस्थितीस न आणतां, वीज न तोडतां, यंत्र पुन्हां सुरू झालें, तर यंत्र तीन बाइटांत विचारतें, चिप चौथ्याची वाट पाहते, आणि दोघेंहि सज्जन असून संवाद खुंटतो! म्हणून जेथें चार बाइटांच्या स्वतंत्र आज्ञा आहेत, तेथें त्याच वापराव्या, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

आमचें स्पष्ट मत असें कीं, चिपेचा आकार आपल्या आवांक्याबाहेरचा दिसतांच आज्ञावलीनें लिहिण्यास साफ नकार द्यावा. नुसत्या पडताळणीवर विसंबूं नये. जी चुकीच्या पत्त्यावर लिहिते, ती लगेच तेथेंच वाचून 'बरोबर' असा शेरा मारते! आधीं जुन्या मजकुराची प्रत घ्यावी, व सर्व लेखन संपल्यावर अथपासून इतिपर्यंत वाचून पहावें.

फ्लॅशरॉम या आज्ञावलीचा मूळ पाठ सर्वांस खुला आहे. त्यामुळें नवी चिप आली कीं कोणीहि जाणता मनुष्य तिची नोंद त्यांत करूं शकतो. बंदिस्त आज्ञावली वापरणारास मात्र निर्मात्याच्या मर्जीची वाट पहावी लागते, आणि तोंवर धडधाकट यंत्र अडगळींत पडून रहातें.