दाखला बिलाचा, अनुभव पाण्याचा

आज पीक-पाणी बाजूला ठेवून टेंडरबद्दल लिहितोय. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या नाल्यावरचा बंधारा कोण बांधणार हे यातूनच ठरतं. त्या बंधाऱ्यावर आपला हरभरा-गहू अवलंबून असतो, म्हणून जरा नेटानं वाचा.

सरकारी कामाची निविदा दोन लिफाफ्यांत भरतात. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्यात पास झालेल्यांचाच दुसरा उघडतात आणि साधारणपणे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम जातं. म्हणजे माणूस कामाचा आहे की नाही, हे बघायची जागा एकच. पहिला लिफाफा. तिथं बघतात काय?

केंद्रीय दक्षता आयोगाच्या 17 डिसेंबर 2002 च्या पत्रकात त्याचं माप दिलंय. मागच्या 7 वर्षांत सारख्या स्वरूपाची कामं पूर्ण केलेली हवीत: अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांची तीन, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. शिवाय मागच्या 3 वर्षांची सरासरी उलाढाल किमान 30 टक्के. बंधारा 1 कोटीचा असेल तर 40 लाखांची तीन, 50 लाखांची दोन नाहीतर 80 लाखांचं एक काम दाखवा, 30 लाखांची उलाढाल दाखवा, झालात पात्र. खात्याखात्यात आकडे थोडे इकडंतिकडं होतात, साचा हाच.

आता हा साचा परत वाचा. सगळं माप रुपयांत आहे. ते आधीचे तीन बंधारे आज उभे आहेत का, त्यात जानेवारीत पाणी असतं का, हे विचारणारा रकाना कुठंय?

माझं भांडण इथंच आहे. काम संपलं, बिल निघालं की दाखला मिळतो. आपल्याकडं कामं मार्च एंडला आणि पावसाच्या तोंडावर उरकतात. मे महिन्यात दाखला घेतला तर त्या बंधाऱ्यानं अजून एकही पूर पाहिलेला नसतो. तरी ऑगस्टच्या निविदेत तोच कागद 'अनुभव' म्हणून लागतो. कृषी विद्यापीठातल्या मित्रांनो, तुम्ही एखाद्या वाणाची शिफारस करायच्या आधी वेगवेगळ्या ठिकाणी, दोन-तीन हंगाम चाचण्या घेता. पेरणी झाली म्हणून एकरी उतारा कुणी लिहून टाकत नाही. बांधकामात मात्र पेरणीच्या पावतीवरच उतारा धरतात.

यातली आणखी एक गंमत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत जुन्या कामाची किंमत आजच्या भावात आणायला दर वर्षी सरळ 7 टक्के वाढवून धरतात. पाच वर्षांपूर्वीचं 50 लाखांचं काम आज साडेसदुसष्ट लाखांचं. भाववाढ म्हणून हिशेब रास्त आहे, तक्रार नाही. पण या पाच वर्षांत तो बंधारा गाळानं भरला असेल, खालून पोकळ झाला असेल, तरी कागदावर त्याचं वजन वाढतच जातं.

आमच्या शिवारातला एक सिमेंट बंधारा सांगतो. खात्याचं आणि ठेकेदाराचं नाव घेत नाही, कारण मुद्दा माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. पाया खडकाला भिडवला नाही, मुरमातच थांबवला. पंखभिंत काठात पुरेशी घुसवली नाही. दुसऱ्या पावसात पाणी बाजूनं वळसा घालून गेलं, काठाची माती घेऊन गेलं. मधली भिंत आजही ताठ उभी आहे, फोटोला झकास. पाणी मात्र थांबत नाही, आणि शेजारच्या विहिरी जिथं होत्या तिथंच आहेत. त्या कामाचा दाखला मात्र ठणठणीत असणार, कारण दाखल्याला विहीर दिसत नाही.

दुसरी पळवाट 'सारखं काम' या शब्दात आहे. व्याख्या सैल केली की रस्ता केलेला माणूस बंधाऱ्याला चालतो. आवळली की एकाच्याच मापाचा सदरा शिवून होतो. तिसरी पळवाट पोटठेक्याची. दाखला एकाचा, शिक्का त्याचा, आणि नाल्यात उभा राहून काँक्रीट ओतणारा भलताच. ज्यानं हातानं काम केलं त्याच्या नावावर अनुभव चढतच नाही. मग तालुक्यातला चांगला पोरगा, ज्याला आपल्या नाल्याचा स्वभाव माहीत आहे, तो 40-50-80 ची शिडी चढणार कधी?

काही अभियंते म्हणतात, "आकडे सोडून गुणवत्तेवर मार्क द्यायला लागलो तर साहेबांच्या मर्जीतल्यालाच मार्क पडतील." हे म्हणणं खोटं नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत ठरावीक कामांसाठी गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के वजन द्यायची वाट उघडली, आणि तिथं हा धोका आहेच. पण मी साहेबांच्या मर्जीचे मार्क मागतच नाही. मोजता येईल असंच मागतोय:

1. दाखला दोन पावसाळे गेल्यावर द्या, निदान निविदेत तो तेव्हाच धरा.
2. दाखल्यावर दोन ओळी वाढवा: साठा किती अपेक्षित होता आणि पावसाळ्यानंतर किती भरला. गळती, दुरुस्ती झाली असेल तर तारखेसह.
3. 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्था झाल्यात. जिथं आहेत तिथं त्यांची सही घ्या, नसतील तिथं ग्रामसभेची.
4. पोटठेकेदाराचं नाव दाखल्यावर येऊ द्या. चांगलं केलं तर त्याचा अनुभव, वाईट केलं तर त्याचा डाग.

यात मर्जी कुठं आली? पट्टी लावायची आणि आकडा लिहायचा.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. 10 रुपयांचा अर्ज. काम दिल्यावर तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता आणि निवडलेल्या ठेकेदाराचे अनुभव दाखले मागा. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दाखल्यावर ज्या गावाचं काम असेल त्या गावातल्या शेतकऱ्याला फोन लावा आणि एकच विचारा: "बंधाऱ्यात पाणी कधीपर्यंत टिकतं?"

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, आधीच्या मालकाला विचारतो. कोटीचा बंधारा घेताना फक्त पावती बघून कसं चालेल?

तुमच्या गावातल्या बंधाऱ्याचं बांधल्याचं साल आणि पाणी किती महिने टिकतं, एवढं खाली लिहा. ठेकेदाराचं नाव नको. गावोगावची यादी झाली की पुढच्या ग्रामसभेत ठेवू.