पहिला रंधा घेताना

मागं कुदळीच्या दांड्याचा फोटो टाकला होता, तर तिघाचौघांनी विचारलं, पहिला रंधा कोणता घ्यावा? मी काही सुतार नाही, पण माझं मत सांगतो.

14 इंची लोखंडी घ्या. दुकानात त्याला पाच नंबर म्हणतात, पातं दोन इंच रुंद असतं. स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण सहा इंची घेतात. मीही घेतला होता. तो लहान असल्यानं फळीच्या खड्ड्यातही उतरतो अन् उंचवट्यावरही चढतो. फळी गुळगुळीत होते, पण सरळ काही होत नाही. रान सपाट करायला आपण लांब फळी मारतो ना, तसंच हे. लांब रंधा आधी उंचवटेच कापतो.

माझा तो रंधा बाभळीवर नुसता खरवडायचा. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. आमच्या गावचे म्हातारे सुतारनाना पातं नखाला लावून म्हणाले, "अरे, याला धार लावलीच कुठंय?" नवं पातं मशीनवर घासून येतं, दगडावर आपणच लावायचं असतं. उतार साधारण 25 अंशांचा, अन् पाठ आरशासारखी सपाट. म्हणून खिशात पैसे कमी असतील तर रंधा जुना घ्या, पण धारेचा दगड चांगला घ्या.

जुना घेताना तळाला स्टीलची पट्टी उभी लावून उजेडाकडं धरा. पट्टीखालून उजेड दिसला की तळ वाकडा. तोंडाजवळ चीर असेल तर फुकटही नको. वरवरच्या गंजाला भिऊ नका, पण पात्याच्या पाठीला धारेजवळ गंजानं खड्डे पडलेले नसावेत.

लाकडी रंधा वाईट नाही. नानांचा अजून चालतो. पण त्यात पातं हातोडीनं ठोकून बसवावं लागतं, नवख्याला ते जमत नाही. विजेचा तर पहिला घेऊच नका. गाठीवर उडतो अन् एका झटक्यात नको तेवढं खातो.

अन् एक. आषाढात दार फुगलं म्हणून लगेच रंधा मारत बसू नका, अडतंय तेवढंच घासा. आमच्या गोठ्याच्या दाराला चैत्रात बोटभर फट पडते, ती माझीच करणी.

जुन्या दाराचे खिळे मात्र आधी काढा. माझ्या पात्याला अजून खाच आहे.