उजनीकाठी एक दिवस



मागच्या हिवाळ्यात आम्ही चार घरची माणसे दोन गाड्यांतून सोलापूरहून उजनीच्या जलाशयाकडे निघालो. फजरची नमाज झाली, डबे चढले आणि मोहोळ मागे पडेपर्यंत मुले पुन्हा झोपली. टेंभुर्णीला चहा घेतला आणि कंदर, जेऊर करत करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या वाटेला लागलो.

पाण्याआधी लागला तो माळ. बांधावरचा निवडुंग पाहून मुलांनी गाड्या थांबवायला लावल्या. खालाजानने दोन प्रकार दाखवले. पंजासारख्या जाड फड्यांचा तो फड्या निवडुंग. हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या लाल बोंडांवर बारीक कुसे असतात, म्हणून थेट हात लावायचा नाही. दुसरा धारदार कडांचा, मोडला की पांढरा चीक येणारा. हा कॅक्टसच्या कुळातला नाही, आणि चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते.

“याला पाणी कोण घालतं?” सगळ्यांत लहानग्याने विचारले.

कोणीच नाही. पावसात मिळेल तेवढे पाणी फड्यांत साठवायचे आणि ते जपून वर्ष काढायचे. पानांऐवजी काटे असतात, म्हणून पाणी फारसे उडून जात नाही. इतर झाडे दिवसा आपली छिद्रे उघडतात, फड्या निवडुंग ती रात्री उघडतो. उन्हात एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी ही अल्लाहची योजना.

मग उतारावरून एकदम पाणी दिसले. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा माना खाली घालून, चोच उलटी करून गाळातले भक्ष्य गाळत होता. मुले गप्प झाली. काठावर एक वयस्क चाचा जाळे दुरुस्त करत बसले होते. टोपलीत चिलापी मासे होते. आम्ही सलाम केला. त्यांनी सलाम घेतला आणि पाण्याकडे बोट केले. “आमचं जुनं घर तिथं होतं. पाणी लई खाली गेलं की भिंतीचे दगड दिसत्यात.”

भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठा. वर्तमानपत्रांत उजनी ‘उणे’ झाल्याचे आपण वाचतो, तेव्हा तो मृतसाठा वापरात आलेला असतो आणि पलीकडे इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. गावांबरोबर रस्तेही गेले, म्हणून लोक आजही होडीने पलीकडे जातात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. म्हणजे या पाण्याची किंमत १९८० मध्येच चुकती झाली, असे नाही. त्या दिवशी काठावर होडी होती, पण लाइफ जॅकेट नव्हते. मुलांनी कितीही हट्ट केला तरी आम्ही बसलो नाही.

जुहरला चादरी अंथरल्या. प्रवासात असल्याने फर्ज दोनच रकात. समोर एवढे पाणी, तरी दादीने सगळ्यांना एकेक लोटाच भरून दिला. “एवढं पाणी असताना?” मुलांनी विचारले. दादी म्हणाली, “वाहत्या नदीकाठी असलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, ही आपल्या रसूलांची शिकवण आहे.” रसूलुल्लाह (स.) एका मुदमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. आपण नळ सोडून उभे राहतो तेव्हा किती मुद वाहून जात असतील?

सोलापूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच उजनीचे. आपण नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून कुरकुरतो, आणि आले की अंगण धुतो. चाचांच्या घरावर उभे असलेले तेच पाणी.

परतताना मुलांच्या हातात चाचांनी दिलेली दोन पिसे होती. आता आमच्या चारही घरी वुजूसाठी नळाखाली लोटा ठेवला आहे. या महिन्यात आपणही ठेवून पाहा. इन्शाअल्लाह, मुले मोठ्यांच्या आधी शिकतील.