दलालीला आता परीक्षा आहे : गोंदियाच्या तरुणांनी काय समजून घ्यावं?

गोंदियात प्लॉटची दलाली करणारे कमी नाहीत. मोबाईलचं दुकान, पानठेला किंवा गॅरेज सांभाळता सांभाळता एखादा प्लॉट 'लावून देणारा' माणूस प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. सौदा जमला की एक-दोन टक्के मिळतात, नाही जमला तर चहापाण्याचा खर्च जातो. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून तर रस्त्याकडेच्या शेतात ले-आउट टाकण्याच्या गप्पा रोज ऐकू येतात. या गर्दीत आपले तरुणही आहेत. पण कायदा बदललाय, हे त्यातल्या अनेकांपर्यंत अजून पोहोचलेलं नाही.

'रेरा मुंबई-पुण्याच्या टॉवरसाठी आहे, आपल्याकडे कोण विचारतो?' असं सर्रास बोललं जातं. हा गैरसमज महागात पडू शकतो. स्थावर संपदा कायदा 2016 चा आणि महारेराचं काम 1 मे 2017 पासून सुरू आहे. तो संपूर्ण महाराष्ट्राला लागू आहे. प्लॉटचा ले-आउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर, म्हणजे या मर्यादेच्या आठपट. गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा गोरेगावात कोणी एका एकरात प्लॉट पाडून विकत असेल, तर तो सरळ या कायद्याखाली येतो.

एजंटाकडून काय अपेक्षित आहे?

नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून द्यायचा तर एजंटाचीही नोंदणी लागते. वैयक्तिक नोंदणीची फी 10 हजार रुपये, मुदत पाच वर्षं. अर्जासोबत पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, आयकर विवरणपत्रं (ती भरायची गरज नसेल तर तसं घोषणापत्र) आणि वापरायच्या लेटरहेड-शिक्क्याचे नमुने द्यावे लागतात.

2023 पासून आणखी एक पायरी आली. आधी 20 तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएसमार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. ती पास झाल्याशिवाय नवी नोंदणी नाही आणि जुन्या एजंटांनाही सूट नाही. हे प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने 2024 मध्ये स्थगित केली, यावरून गांभीर्य कळावं.

नोंदणीशिवाय असा सौदा केला तर दिवसाला 10 हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एजंटाकडे नंबर आहे, पण ले-आउटच नोंदणीकृत नाही, तर तो विकून देणं हाही कायद्याचा भंगच.

सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ही नोंदणी राज्यापुरती असते. महारेराच्या नंबरवर बालाघाट किंवा राजनांदगावच्या प्रकल्पातले प्लॉट विकता येणार नाहीत. त्यासाठी त्या त्या राज्याच्या रेराकडे जावं लागेल.

कायदा जिथे पोहोचत नाही

इथे खरा प्रश्न आहे. आपल्या भागातले बरेच सौदे जुन्या घरांचे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्लॉटचे आणि शेतजमिनीचे असतात. त्यात बिल्डर नसतो, प्रकल्प नसतो, म्हणून रेराचं संरक्षणही नसतं. तिथे खरेदीदाराला वाचवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे मधला एजंट. आयुष्यभराची कमाई घेऊन आलेला माणूस 'भाई, आपलाच माणूस आहे' म्हणून नोटरीच्या कागदावर बयाणा देतो. नंतर कळतं की जमीन अकृषिक झालेलीच नाही, किंवा बहिणींचा हिस्सा बाकी आहे. मग पैसा जातो, नातं तुटतं आणि मोहल्ल्यात दोन गट पडतात.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने व्हिजिटिंग कार्ड छापण्याआधी कागद वाचायला शिकावं. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना, फेरफार, भोगवटादार वर्ग 1 की 2, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, इंडेक्स टूचा शोध हे सगळं यायला हवं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे देवरी-सालेकसा भागात काम करताना विसरून चालणार नाही. वक्फची जमीन तर विकताच येत नाही. मुतवल्लीने सही केली तरी नाही. मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नये. आयकर कायदा तेवढीच रक्कम दंड म्हणून वसूल करू शकतो.

आपल्यासाठी यात नवीन काही नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. मालातला दोष लपवून केलेल्या विक्रीत बरकत नाही, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आहे. कमिशन हलाल आहे, पण ते मेहनतीचं आणि खऱ्या माहितीचं. दोन्ही बाजूंकडून घेत असाल तर दोघांनाही आधी सांगा. टक्केवारी रेरा कायद्याने ठरवलेली नाही, म्हणून ती लिहून घेतलेली बरी.

दुकान टाकायला लाखो रुपये लागतात. इथे फी, थोडा अभ्यास आणि जबान सांभाळण्याची तयारी लागते. मुलीही हे काम करू शकतात. घर बघायला कुटुंबं येतात, त्यात बायकांशी मोकळेपणाने बोलणारी एजंट असेल तर चांगलंच. मस्जिद कमिट्या आणि शाळांनी सुट्टीच्या दिवशी हॉल उघडून द्यावा, एखाद्या वकिलाला बोलवावं, अर्ज भरायला मदत करावी. यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही.

आणि ज्यांना फक्त घर घ्यायचंय त्यांनी एवढंच करावं : पैसे देण्याआधी एजंटाचा आणि ले-आउटचा, दोन्ही नंबर मागावेत आणि महारेराच्या वेबसाइटवर तपासावेत. जुन्या घराचा किंवा शेतीचा सौदा असेल तर कागद वकिलाला दाखवावेत. कागद विचारला म्हणून जो नाराज होतो, त्याच्याकडून जमीन घेऊ नये. मग तो कितीही 'आपला' असो.