लग्नाचीं छायाचित्रें आणि मूळ प्रत

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येचें लग्न साताऱ्यास एका मंगल कार्यालयांत यथासांग पार पडलें. मुलगी सासरीं गेली, पाहुणेमंडळी पांगली, आचाऱ्याचा हिशेब मिटला, आणि घर पुन्हां आपल्या नेहमींच्या वळणावर आलें. तें बिघडलें तें दीड महिन्यानें, छायाचित्रांचा आल्बम घरीं आला त्या संध्याकाळीं.

दिवेलागणीच्या आधीं सारें घर माजघरांत जमलें होतें. पहिलीं चारपांच पानें उलटेपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आमची भावजय हळूच म्हणाली, "सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी नाहीं का दिसत?" तिचें म्हणणें खोटें नव्हतें. आदल्या दिवशीं हळद लागली होती हें खरें. पण सप्तपदीच्या वेळीं होमापुढें बसलेले भटजीसुद्धां पिवळे दिसावे, हें कांहीं हळदीचें काम नव्हे. शालूचे जरीकांठ जेथें झळकावयाचे तेथें नुसते पांढरे पट्टे. मंगलाष्टकांच्या वेळचीं तीन चित्रें धुरकट. आणि इतकें असून चेहरे तेवढे सर्वांचे सारखे, उकडून सोललेल्या बटाट्याप्रमाणें गुळगुळीत!

पुढच्या पानावर आमच्या आत्याचें चित्र होतें. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण; वय ८४. लहानपणीं तिला देवी आल्या होत्या. हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें, त्यामुळें देवीचे वण म्हणजे काय हें आमच्या घरच्या मुलांना आत्याकडे बोट दाखवूनच सांगावें लागतें. त्या वणांपायीं तिला दोन स्थळांनीं नकार दिला होता, आणि तिसऱ्यानें, म्हणजे आमच्या आतोबांनीं, तिला भर उजेडांत नीट पाहून होकार दिला होता. ही हकीकत आमच्या घरांत प्रत्येक लग्नांत एकदां तरी निघतेच. आल्बमांतल्या आत्याच्या गालावर एकहि वण नव्हता. तिनें भिंग लावून पाहिलें आणि विचारलें, "ही कोण रे?"

"आत्या, तूंच कीं!"

"मी नव्हे. माझें तोंड मला ठाऊक आहे." एवढें बोलून तिनें आल्बम मिटला व ती देवापाशीं दिवा लावावयास उठून गेली. रागावली असती तर समजूत तरी घालतां आली असती. पण ती रागावली नव्हती.

बंधूंनीं त्याच रात्रीं छायाचित्रकाराला फोन केला. शब्दानें शब्द वाढला. "राहिलेले पैसे मिळणार नाहींत," असें इकडून, आणि "मूळ फाइली कोणी कोणाला देत नसतें," असें तिकडून, येथपर्यंत मजल गेली. घरांतला वडील म्हणून दुसरे दिवशीं मला जावें लागलें. ३५ वर्षें वर्गांत पोरांचीं भांडणें तोडलीं, त्याचा कधीं तरी उपयोग व्हावयाचाच!

तो तिशीच्या आंतला तरुण होता, आणि फोनवर वाटला तसा उर्मट नव्हता. त्याचें म्हणणें असें पडलें कीं, मुहूर्त थोडे व लग्नें फार. एका आठवड्यांत पांच कार्यें उरकल्यावर तीं हजारों चित्रें एकट्यानें सुधारणें शक्य नाहीं, म्हणून तें काम तो दर चित्रामागें ठरीव पैसे देऊन बाहेर पाठवितो. तेथें संगणकावर एकच साचा सर्व चित्रांवरून फिरवितात. पिवळेपणा कार्यालयांतल्या दिव्यांचा, गुळगुळीतपणा साच्याचा. मूळ फाइली न देण्याचें कारणहि त्यानें मोकळेपणानें सांगितलें. "काका, कच्चें काम लोकांच्या हातीं दिलें कीं ते त्याची वाटेल ती गत करतात, आणि खालीं नांव माझें राहतें." हें मला पटलें. अर्धी शिजलेली भाजी पंगतींत आणावयास कोणती गृहिणी तयार होईल? परंतु आमच्या पानांत वाढलेली भाजीच करपली होती. तेव्हां कच्ची मागून घेण्यावांचून आम्हांस गत्यंतर नव्हतें.

कायद्याची बाजू मला ठाऊक होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, तें काढविणारा असतो. पण हें कलम मीं त्या तरुणापुढें काढलें नाहीं. एक तर कलम निघालें कीं संभाषण संपतें. आणि दुसरें असें कीं, स्वामित्व आपलें असलें तरी कच्च्या फाइली हातीं द्याव्या असें त्या कलमांत कोठें लिहिलेलें नाहीं. तें आधींच ठरवून कागदावर घ्यावयाचें असतें: मूळ फाइली मिळतील काय, किती दिवसांत मिळतील, चेहऱ्यांवर साचा फिरवावयाचा कीं नाहीं. मठ्ठ्यांत आलें किती घालावें येथपर्यंत आम्हीं आचाऱ्याशीं बोललों होतों, आणि छायाचित्रकाराशीं बोललों होतों फक्त रक्कम. चूक आमची होती, व ती मीं त्याच्यापाशीं कबूल केली. राहिलेले पैसे तेथेंच दिले. त्यानें आमची हार्ड डिस्क ठेवून घेतली व दुसरे दिवशीं १४०० फाइली भरून परत दिली. आणखी महिनाभर थांबलों असतों तर जागेसाठीं त्या पुसल्या गेल्या असत्या, असें तोच म्हणाला.

ह्या मूळ फाइलींचें प्रकरण थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं मला समजावून सांगितलें. तें माझ्या समवयस्क वाचकांसाठीं येथें देतों. कॅमेऱ्यांत चित्र दोन रूपांत राहूं शकतें. एक जेपेग. ह्यांत रंग किती, उजेड किती हें कॅमेरा आपल्या मतानें ठरवून टाकतो आणि उरलेलें, जागा वांचावी म्हणून, टाकून देतो. तांबडा, हिरवा, निळा ह्या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या शिल्लक राहतात. दुसरें रूप रॉ, म्हणजे कच्चें. ह्यांत पडलेला उजेड मोजला तसाच लिहिलेला असतो. चांगल्या कॅमेऱ्यांत पुष्कळदां १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत. म्हणून जेपेगमध्यें जी सावली नुसती काळी दिसते तिच्यांत कच्च्या फाइलींत कधीं कधीं अख्खा माणूस उभा असतो. जागा मात्र फार लागते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फाइल सुमारें २५ ते ३० मेगाबाइटांची भरते. आणि विशेष हें कीं, सुधारणा करतांना मूळाला हात लागत नाहीं. केलेले फेरफार वेगळे टिपले जातात, मूळ जसेंच्या तसें राहतें.

हें ऐकतांना मला पुण्याचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवलें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें तेथील काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहून संपादकांनीं लेखकूंच्या चुका व मागाहून घुसलेले श्लोक वेगळे काढले. पण श्लोक अधिक गोड लागावा म्हणून आपल्या पदरचा शब्द घातला नाहीं, आणि जें वगळलें तेंहि फेंकून न देतां तळटीपांत नि परिशिष्टांत जपून ठेवलें. मीं पुतण्यास म्हटलें, "तूं असेंच कर." महाभारताचें तें कसें बसें ऐकून घेतो, पण एवढें त्यानें मनावर घेतलें.

डार्कटेबल व रॉथेरपी असे दोन कार्यक्रम विनामूल्य मिळतात. त्यांतला पहिला त्यानें घेतला. प्रथम पिवळेपणा. पिवळ्या दिव्याचा उजेड ३००० केल्विनच्या आसपास आणि दिवसाचा ५५०० च्या आसपास असतो, आणि कॅमेऱ्याची तेथें गफलत झाली होती. ती दूर करण्यासाठीं चित्रांतली खात्रीनें पांढरी अशी एक वस्तु संगणकाला दाखवावी लागते; मग बाकीचे रंग तो त्या मानानें बसवितो. नवऱ्या मुलाचें उपरणें दाखवावें तर तें मुळांतच पिवळसर, भिंत गुलाबी. शेवटीं मींच म्हटलें, "अरे, अंतरपाट घे!" कुंकवाचें स्वस्तिक चुकवून कोऱ्या जागीं टिचकी मारतांच भटजी आपल्या मूळ वर्णावर आले. तेंच माप त्या दिव्यांखालच्या सर्व चित्रांना लागूं पडलें. खिडकीजवळचीं मात्र वेगळीं करावीं लागलीं. एका गालावर दिव्याचा पिवळा व दुसऱ्यावर खिडकीचा निळसर उजेड, अशीं चित्रें कोणत्याच मापाला पुरतीं दाद देईनात.

जरीकांठ बरेचसे परत आले. जेथें उजेड मापाबाहेर गेला होता तेथें कांहीं लिहिलेंच गेलें नव्हतें, तेथें पांढरें तें पांढरेंच राहिलें. धुरकट चित्रांना मात्र कच्ची फाइलहि उपयोगीं पडत नाहीं. त्यांतल्याच एका चित्रांत आत्या अक्षता टाकीत आहे. पुतण्यानें त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचें कसलेंसें साधन चालविलें, आणि क्षणार्धांत चित्र लख्ख झालें. डोळे, पापण्या, दंतपंक्ति! भावजय "अगबाई!" म्हणाली. आतां आत्याचे पुढचे दोन दांत पडून बारा वर्षें होऊन गेलीं. साधनाला आत्या ठाऊक नाहीं. त्याला पुष्कळ चेहरे ठाऊक आहेत, आणि त्यांवरून त्यानें एक बाई रचली होती.

"काका, पण किती छान दिसतंय!" पुतण्या म्हणाला.

"दिसतंय, पण ती आपल्याकडे लग्नाला आली नव्हती," मीं म्हटलें, आणि तें त्याजकडून काढविलें.

मी अगदींच हट्टी नाहीं. चेहरे सुधारणें नवीन नव्हे. काचेच्या नेगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून जुने छायाचित्रकारहि तें करीत. पुतणीनें सासरहून फोन करून हनुवटीवरची पुटकुळी काढावयास सांगितली, ती मीं खुशाल काढूं दिली. पुटकुळी आठ दिवसांची सोबतीण. लग्नाच्याच दिवशीं आली हा तिचा आगाऊपणा. वणांची गोष्ट वेगळी.

नातेवाइकांस चित्रें पाठवितांना आणखी एक गोष्ट कळली. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलें तर तें वाटेंत आक्रसतें. दस्तऐवज म्हणून पाठविलें तर आहे तसें पोंचतें. मूळ फाइलींच्या दोन प्रती केल्या. एक आमच्या कपाटांत आहे, दुसरी व्याह्यांकडे.

नवीं चित्रें छापून आलीं तेव्हां मीं तीं स्वतः आत्यापुढें नेऊन ठेवलीं. अक्षतांचें चित्र धुरकटच ठेवलें होतें. त्यावरून तिनें नुसता हात फिरविला. पुढच्या चित्रावर भिंग बराच वेळ थांबलें. मग गालावर बोट टेकून ती म्हणाली, "ही मी." आणि भिंग किंचित् बाजूला सरकवून, "आणि हा मागें खांबाआड पंगतीच्या आधींच लाडू खातोय, तो कोण रे? तूंच ना?"

पुतण्यानें सावली इतकी उजळली होती कीं, नाहीं म्हणण्याची सोय नव्हती.