अंगणातलं विज्ञान : साखर पिऊनही उपाशी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागे आईने लावलेली लाल जासवंद आहे. देव्हाऱ्यातल्या गणपतीला रोज तिचंच फूल. गेल्या फेब्रुवारीत तिच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. पानं आकसली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. शेजारच्या बेन कुंपणावरून म्हणाल्या, "मोलो आव्यो छे!" आईने काही न बोलता बाजारातून फुलांची पुडी आणायला सुरुवात केली. ते मला जास्त लागलं.

मी कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी दर आठवड्याला फवारलं. एप्रिलमध्ये मावा गायब! मी ऐटीत होतो, तोवर सुट्टीला आलेली भाची म्हणाली, "मामा, भिंतीपलीकडच्या फांदीला तुझा फवारा पोचतच नाही. तिथला मावा कसा गेला?"

आली का पंचाईत!

मावा सोंडेतली बारीक सुई झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो आणि दिवसभर पीत बसतो. पण त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. म्हणजे रोज नुसता उसाचा रस पिऊन अंग वाढवायचं. ती थोडी आम्लं मिळवण्यासाठी मावा खूप रस पितो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. पानांवरचा चिकटा तो हाच. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते.

साखरेचा आणखी एक त्रास आहे. कैरीच्या फोडींना साखर लावली की पाणी सुटतं ना? रस माव्याच्या रक्तापेक्षा कितीतरी दाट असतो, त्यामुळे पोटातली साखर त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेईल. म्हणून मावा सुट्या साखरेच्या रेणूंच्या माळा ओवतो. रेणूंची संख्या घटली की ओढही घटते. मला हे फार आवडलं.

तरीही काही अत्यावश्यक अमिनो आम्लं कमीच पडतात. ती बनवतात माव्याच्या पोटातल्या खास पेशींत राहणारे जिवाणू, बुकनेरा. पाउल बुकनर या जर्मन शास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. आईकडून लेकीकडे जात ही जोडी दहा कोटींहून जास्त वर्षं टिकली आहे. इतक्या वर्षांच्या घरजावईपणात बुकनेराने आपली बरीचशी जनुकं गमावली. बाहेर तो जगूच शकत नाही, आणि उष्णता सोसायची ताकदही त्याच्यात बेताचीच.

कीटकाला स्वतःची ऊब नसते. हवा तापली की त्याचा चयापचयही वेग घेतो. फेब्रुवारी-मार्चच्या उबेत मावा भराभर पितो आणि नराशिवायच थेट पिल्लं घालतो. पण पारा आणखी चढला की खर्च वाढतो आणि स्वयंपाकीच आजारी पडतो. वाटाण्यावरच्या माव्याबद्दल २००७ साली अमेरिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. काही माव्यांच्या बुकनेरात उष्णतेशी झुंजणाऱ्या एका जनुकाजवळचं एकच अक्षर गळालेलं होतं. असे मावे लहानपणी काही तास ३५ अंशांत ठेवले, तर बुकनेरा जवळजवळ संपला आणि पुढे पिल्लं नाममात्र झाली किंवा झालीच नाहीत. गंमत म्हणजे थंड हवेत हेच मावे इतरांपेक्षा सरस ठरले.

जासवंदीवर बहुधा कापसावरचाच मावा येतो. तो उष्णता थोडी जास्त सोसतो, पण बडोद्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा त्याचंही आयुष्य आणि वीण दोन्ही आटतात. ढालकिड्यांनीही त्यातले पुष्कळ खाल्ले असणार. माझ्या फवाऱ्याला श्रेय द्यायचंच, तर दोन आणे द्या.

एक चूक मात्र पूर्ण सोळा आणे माझी. जानेवारीत फुलं जास्त यावीत म्हणून मी झाडाला मूठभर युरिया घातला होता. नत्र वाढलं की रसातली अमिनो आम्लं वाढतात. मी उपाशी पाहुण्यांना पंक्तीला बसवून वर तुपाची धार धरली होती! हे आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झाडाने मागितलं होतं का?"

यंदा युरिया बंद, फक्त शेणखत. फेब्रुवारीत भाचीने फोनवरून हुकूम सोडला की दोन फांद्यांना चिठ्ठ्या बांध, एकीवर फवार, दुसरीला हात लावू नकोस, आणि दर रविवारी मोजून कळव. मी मोजतोय. मावा आला, पण कळ्या टिकल्यात. बाजारातली पुडी बंद झाली आहे.

काल मात्र न फवारलेल्या फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं. पिठ्या ढेकूण. याला ऊन चांगलंच मानवतं. भाचीला फोटो पाठवलाय.