मंडळाचा पाऊस आणि शिवाराचा पाऊस

पाऊस महसूल मंडळाची हद्द बघून पडत नाही, हे बीडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बैलाचे एक शिंग भिजावे, दुसरे कोरडे राहावे, असा आपला पाऊस. सरकारचा हिशेब मात्र मंडळावर चालतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. यंत्राने ६० दाखवले, तर वाहून गेलेल्या मातीची साक्षही कमी पडते.

२०१७ साली 'महावेध' प्रकल्पातून मंडळागणिक एक, अशी राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहू लागली. यंत्राला आमचा विरोध नाही. पण राज्याच्या क्षेत्रफळाला या संख्येने भागले, तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे १५० चौरस किलोमीटर येतात; आणि पाऊस झेलणारे तोंड जेमतेम वीतभर!

नकाशावर प्रत्येक मंडळात टिंब आहे, म्हणून सगळा जिल्हा मोजला गेला असे नव्हे. केंद्राची नोंद जितक्या अंतरापर्यंत खरी, तितकाच त्याचा पल्ला. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या सपाटीवर तो एक असेल, बालाघाटच्या डोंगरात धारूर-पाटोद्याला दुसरा. संततधारेत तो लांबवर जाईल, वळवाच्या पावसात दोन कोसांतही संपेल. शिवाय नोंद मोबाईलच्या जाळ्यातून जाते. दरीत रेंज नसेल, तर मोजलेला पाऊसही वेळेवर पोचत नाही. न आलेली नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे.

हा पल्ला शोधता येतो, आणि आपल्याला शोधता येतो. सपाट तळाचे, सरळ उभ्या कडांचे भांडे घ्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. वहीत लिहा, भांडे रिकामे करा. गावोगावच्या वह्या केंद्राच्या आकड्याशी ताडल्या, की कोणत्या गावापासून पुढे आकडा फसतो ते दिसू लागेल.

ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापकाचे धोरण केंद्र सरकारने 'विंड्स' योजनेतून २०२३ मध्ये मांडले. आमची मागणी साधी आहे. डोंगराळ गावे आधी घ्या, केंद्र किती तास बंद होते ते जाहीर करा, कोरी नोंद शून्य धरू नका.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, या बैठकीहून गावी परतताच एक वही उघडा. आपल्याकडे आकडा असेल, तरच त्यांच्या आकड्याला जाब विचारता येईल.